शांतव्वाच्या टाचेतला राखणदार

मी एक जुना राखणदार आहे, पेशीच्या आवरणावर बसलेलं एक प्रथिन. किती जुना ते आधी सांगतो, म्हणजे माझ्या चिडचिडीला तुम्ही नावं ठेवणार नाही. पाठीचा कणा असलेला पहिला मासा पाण्यात वळवळला, तेव्हाच माझं घराणं म्हातारं होतं. मासा, बेडूक, कोंबडी आणि तुम्ही, साऱ्यांच्या पेशींवर आमचीच मंडळी पहाऱ्याला उभी आहेत. फळांवरच्या चिमुकल्या माशीतही आमचा एक भाऊबंद आहे. अंड्यातल्या जीवाची पाठ कुठली नि पोट कुठलं हे ठरवणारा, एवढीच त्याची ओळख शास्त्रज्ञांना होती. तो राखणही करतो हे कळायला १९९६ साल उजाडलं.

मित्रांनो, मला कुणी काही शिकवलेलं नाही. जंतूच्या आवरणातला एक स्निग्ध तुकडा मी जन्मतःच ओळखतो. जंतूला तो सहसा टाकून देता येत नाही, म्हणून मलाही फारसं बदलावं लागलं नाही. पेशी मरते, नवी येते आणि मी पुन्हा त्याच घडणीचा उभा राहतो. झोप अशी नाहीच. जंतू लागला की बोंब मारायची, एवढंच मला येतं. त्या बोंबेलाच तुम्ही सूज म्हणता.

त्या १९९६च्याच सुमारास मी गडमुडशिंगीच्या शांतव्वाच्या टाचेत होतो. तिच्या घरचं गुऱ्हाळ जोरात चाललं होतं. फडातून येताना तुटलेल्या उसाचा बुडखा तिच्या टाचेत घुसला. भोक एवढंसंच, ती विसरूनही गेली. पण जंतू आत आले होते. मी ओरडलो, पांढऱ्या पेशी धावल्या, पाय घोट्यापर्यंत फुगला.

शेजारच्या बायडाबाईनं लांबूनच निदान केलं. "पाय मुरगळलाय तुजा. चुना-गूळ लाव, उतरतंय बग."

मुरगळलेल्या पायाला हा लेप पिढ्यान्‌पिढ्या लावतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथे पाय मुरगळलाच नव्हता! घरच्या ताज्या गुळाचा लेप वाळून टणक झाला, वर फडकं बसलं आणि भोक झाकलं गेलं. मी ओरडावं, सूज वाढावी आणि शांतव्वानं "मेली सूज" म्हणत आणखी एक थर चढवावा. माझा जीव नुसता तळमळत होता. त्यात भीती वेगळीच. आमची बोंब अंगभर पसरली, तर घर राखायला आलेलेच घर तुडवतात. हे कळत असूनही मला थांबता येत नव्हतं.

शेवटी सून शांभवी चहा घेऊन आली. सासूला हुडहुडी भरलेली पाहून तिनं पायाला हात लावला.

"अव्वा, मुरगळल्याला पाय असा भाजत न्हाय. फडकं सोडा."

"लेपानं सूज तर उतरू दे की गं."

"तवर पाय जाईल तुमचा."

तिनं कोमट पाण्यानं लेप भिजवून काढला. खाली भोक होतं आणि तिथून पोटरीकडे चढलेली लाल रेघ. रुद्रय्या, म्हणजे शांतव्वाचा नवरा, उसाच्या रसाची उकळती काहील गड्यांवर सोडून तिला कोल्हापूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी टाच कापून पू काढला, सुया टोचल्या. पाय थोडक्यात वाचला.

पुढच्या हंगामात बायडाबाई लंगडत गुऱ्हाळावर आली. या वेळी पाय खरंच मुरगळला होता. ती चुना मागत राहिली. शांतव्वानं आधी पाण्याचा तांब्या आणला.

"चुना देतो की. आदी पाय धू आनि टाच वर कर, मला बगू दे."

मित्रांनो, माशाच्या काळापासून मला ही एकच हाक मारता येते. ती ऐकून नुसता लेप थापू नका, खाली वाकून बघा. मला डोळे नाहीत. बघायचं काम तुमचं आहे.