लोंढेबाईंची तक्रार

पेणच्या ख्रिस्ती मंडळीचं वार्षिक शिबिर लोंढेबाईंशिवाय झालंय, असं बावीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. गाद्या किती लागतील, तांदूळ किती शिजवायचा, कोण घोरतं म्हणून कुणाला कुठल्या खोलीत टाकायचं, हे सगळं सरोजिनी लोंढे यांच्या डोक्यात असायचं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, पण शिबिरातून नाही. आणि यंदा नवे पाळक जितेश उजगरे घरी येऊन म्हणाले, "बाई, या वेळी तुम्ही कशाला हात लावायचा नाही. फक्त यायचं आणि बसायचं."

"म्हणजे मी म्हातारी झाले?"

"तसं नाही हो. पण तुम्ही आजवर शिबिर पाहिलंय कुठं? स्वयंपाकघरच पाहिलंत."

हे बोलणं बाईंना चांगलंच झोंबलं. बरं, बसते, त्यांनी मनाशी ठरवलं. बघूच कसं करतात ते.

बस रोह्याकडच्या निडीजवळ शिबिरस्थळी पोचली, पण गाद्या आणि भांडी काही पोचली नाहीत. टेम्पोवाला वडखळला चुकून अलिबागच्या रस्त्याला वळला आणि थेट पोयनाडला जाऊन उभा राहिला. दरवर्षी ड्रायव्हरशेजारी बाई बसत. यंदा तिथं कुणीच नव्हतं. साठ माणसं दुपारी साडेतीनपर्यंत बिस्किटांवर राहिली. बाई आंब्याखाली खुर्ची टाकून बसल्या आणि त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. न बोलण्याचे त्यांना इतके कष्ट कधी पडले नव्हते.

संध्याकाळी गट पाडले. तेही चिठ्ठ्या टाकून! बाईंच्या गटात बायजाबाई आली. धरमतरच्या खाडीकाठची ही बाई पेणच्या बाजारात सुकी मासळी विकायची. वर्षभरापूर्वी ती मंडळीत आली आणि नेमकी बाईंच्या पुढच्या बाकावर बसू लागली. वाचता येत नसे, पण बोलायला तिला कशाची अडचण नव्हती. शास्त्रपाठातल्या चार ओळी ऐकल्या, की ती आपल्या जावेची गोष्ट सुरू करी. तिची प्रार्थनाही तशीच. "देवा, ऐकतोस ना रं? माझं गुडघं लय दुखतान. आन त्या पोयनाडवाल्याला जरा रस्ता दाव."

"प्रार्थनेत देवाला असं हटकायचं नसतं," बाई म्हणाल्या.

"का गो? त्याला राग येतो?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि बाईंचा निश्चय संपला. पोरं उपम्याच्या पातेल्याशी झुंजत होती. "गॅस बारीक करा आधी!" असं ओरडत त्या मागच्या दारानं घुसल्या. तिथं कुणीतरी तांदूळ धुऊन पेजेसारखं पाणी फरशीवरच ओतलेलं होतं. बाईंचा पाय सटकला आणि घोटा मुरगळून त्या आदळल्या.

हाड मोडलं नव्हतं, पण पाय फुग्यासारखा सुजला. रोह्याहून आलेल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि दोन दिवस पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. पेणला परत सोडायला गाडी तयार होती. पण पडल्या म्हणून घरी गेल्या असं मंडळीत बोललं जाईल, या विचारानं बाई हट्टानं राहिल्या.

मग सुरू झाला खरा छळ. बायजाबाईनं त्यांचा ताबाच घेतला. तिनं आणलेल्या चहात साखर इतकी, की चमचा उभा राहावा. ती बाईंची वेणी घालायला बसली आणि केस ओढून डोळ्यांत पाणी आणलं. मोरीपर्यंत नेताना तर तिनं बाईंना मासळीच्या टोपलीसारखं काखेत धरलं.

"मला जमतं, मी जाईन," बाई दर खेपेला म्हणत.

"व्हय व्हय, जाशील," असं म्हणून बायजाबाई धरलेला हात सोडत नसे.

तिसऱ्या दुपारी साक्षी झाल्या. एकेक जण उठून शिबिरात काय मिळालं ते सांगत होता. कुणाला शांती मिळाली, कुणाला वाट सापडली. बाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता. पाळकांनी सहज विचारलं, "बाई, तुम्ही काही बोलणार?"

"माझी साक्ष नाही. तक्रार आहे," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, आणि तीन दिवस मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं. टेम्पो, उपमा, फरशी, चहा. "बावीस वर्षं मी राबले. एकदा बसले तर पाय मोडून घेतला! या मंडळीला माझ्याशिवाय साधा भात करता येत नाही."

लोक हसू लागले. बाईंना आणखी चीड आली.

"हसा! आमचे यजमान दिनानाथ गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा सगळे भेटून गेलात. त्यानंतर माझ्या घरी कुणी जेवायला आलंय? एक तरी माणूस? काम असलं की लोंढेबाई. एरवी मी एकटी ताट घेऊन टीव्हीसमोर बसते."

हसू विरलं. आपण हे काय बोलून बसलो, असं बाईंना झालं. यातलं एक अक्षरही त्यांनी ठरवलं नव्हतं. पाळक काहीतरी योग्य शब्द शोधत होते, तेवढ्यात मागून बायजाबाईचा आवाज आला.

"मंग बोलाव ना गो. तू बोलावलंस कधी?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना आठवलं. दिनानाथ गेल्यावर मंडळीतल्या चंद्रावतीनं महिनाभर डबा पाठवायची तयारी दाखवली होती. बाईंनीच 'मला जमतं' म्हणून तिला फिरवलं होतं. कितीजणांना असं फिरवलं, तेही आता आठवू लागलं. त्यांनी मान खाली घातली, आणि पाळकांनी सांगायची वाट न पाहता पहिल्यांदाच प्रार्थनेसाठी डोळे मिटले. देवाशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी मनातल्या मनात त्या एवढंच म्हणाल्या, "देवा, ऐकतोस ना?"

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी उपासनेनंतर या. सगळे नको. साठ माणसं माझ्या घरात मावत नाहीत."

अकरा आले. बायजाबाई बोलावल्या वेळेच्या कितीतरी आधी, सकाळी आठलाच, खाडीतली निवट्यांची मासळी घेऊन हजर झाली. तिनं मसाल्याचे डबे वरखाली केले, चांगली कढई काळी केली आणि पाट्यावर वाटण वाटताना भिंतीवर शिंतोडे उडवले. चंद्रावती कोशिंबीर करत होती आणि काकडी बोटभर जाड चिरत होती.

"अगं, बारीक चीर!" खुर्चीतून बाई ओरडल्या. पाय अजून स्टुलावर होता.

"बाई, तुम्ही बसा," चंद्रावती म्हणाली.

बाई चरफडल्या, पण उठल्या नाहीत. निवट्यांचं कालवण तिखटजाळ झालं होतं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.