बेडकी समुद्रावर निघाली

मोटारींची ती कंपनी बुडाली त्याला जमाना झाला, पण तिचे वेडे काही कमी झाले नाहीत. टायरच्या दुकानामागच्या हॉलमध्ये त्यांनी तिचा सगळा संसार मांडून ठेवला होता. दरवाजांच्या मुठी, जुनी माहितीपत्रकं, तडे गेलेली स्टिअरिंग, काय वाटेल ते! वर्षातून एकदा तिथे ऐकण्याची बैठक भरायची. दिवे बंद, डोळे बंद, आणि स्पीकरवर कंपनीच्या एखाद्या मॉडेलचं इंजिन. माणसं खुर्चीत बसल्या बसल्या त्या आवाजावर स्वार होऊन कुठल्या कुठे हिंडून यायची.

यंदा पाळी बेडकीची होती. बेडकी म्हणजे बटबटीत दिव्यांची, तीन सिलिंडरची चिमुकली गाडी. तिचं चालू इंजिन आता कुणाकडेच उरलं नव्हतं. शेवटचं चोककाकांचं, तेही जाम होऊन बसलेलं. काकांचं तोंड थंडीतल्या गाडीसारखं चोक ओढून ओढून उशिरा सुरू व्हायचं, म्हणून क्लबात त्यांना हे नाव. पण त्यांच्यापाशी एक कॅसेट होती, इंजिन धडधाकट असतानाची. बेडकीचा आवाज म्हणून जगात आता तेवढाच.

फक्त त्यात मधूनमधून काकू बोलत होत्या.

"बोलणं काढून टाकतो," क्लबचे अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर. "दात उपटल्याचं कळणारसुद्धा नाही. उद्या आपण नसू तेव्हा कुणी ऐकेल, त्याला इंजिन ऐकू यायला हवं, तुमचा संसार नाही. रागावू नका हं."

रागवायचं कशाला? कॅसेट भरली त्या दिवशी काका स्वतःच काकूंवर उखडले होते. बेडकी चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी, काकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, हातातला माइक खिडकीबाहेर. आणि शेजारच्या सीटवर मांडीवर पर्स घेऊन काकू! बाईसाहेब बसल्या जागीच समुद्रावर निघाल्या होत्या. खरी बेडकी कायम दुरुस्तीला. समुद्र सोडाच, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातसुद्धा तिने त्यांना कधी धड नेलं नव्हतं.

"काढा," काका म्हणाले. काकू गेल्यापासून तो आवाज ऐकायची त्यांची छातीच झाली नव्हती. चारचौघांत तर नकोच.

बैठकीच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी साफ केलेलं इंजिन ऐकवलं. आवाज अगदी घासूनपुसून लख्ख. काका डोळे मिटून बसले. बसले ते बसलेच. गाडी काही हलेना.

"हे नको," ते म्हणाले.

"अहो, हाच तर अस्सल आवाज!"

"असेल. पण गाडी ठोकळ्यांवरच उभी आहे हो. ती बोलत होती तेव्हा चालली होती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, इतिहासात बायको नाही घालता येत!"

"मग माझी कॅसेट परत द्या."

इतक्या चटकन तापलेले काका कुणीच पाहिले नव्हते. डॉक्टर घाबरलेच. साफ केलेलं कपाटात ठेवायचं आणि बैठकीत कॅसेट आहे तशी वाजवायची, असं एकदाचं ठरलं.

संध्याकाळी हॉलमधले दिवे मालवले. काकांच्या डाव्या हाताला डॉक्टर बसले. बेडकी खोकली, आणि धापा टाकत सुरू झाली.

"अहो, हळू घ्या. पुढे वळण आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हं, घ्या डावीकडे. झाडं बघा कशी पळतायत!"

खुर्च्या करकरल्या. गाडी डावीकडे वळली तशी अख्खी ओळ उजवीकडे कलली, आणि डॉक्टरांचा खांदा काकांना येऊन टेकला. काकांचा हात नकळत गिअरवर गेला. खिडकीतून खारा वारा आला.

"समुद्र आला का हो?"

"श्श! गप्प बस ना जरा!" हा काकांचाच आवाज, तरणा आणि तिरसट. अंधारात काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं बाबा," काकू हळूच म्हणाल्या. "मी जरा डोळे मिटते. पोचलो की उठवा."

मग नुसतं इंजिन. बराच वेळ. मग तेही थांबलं.

डॉक्टर दिवे लावायला उठले, तसा काकांनी त्यांचा हात धरला.

"थांबा हो," ते कुजबुजले. "तिला आत्ताच डोळा लागलाय."

डॉक्टर निमूटपणे परत खाली बसले.