कर्णा केकाटला नाही

आमच्या मारुतीच्या देवळातलं मशीन बोलायच्या आधी केकाटायचं. बटण दाबलं की आतले व्हॉल्व तापेपर्यंत ते गप्प असायचं आणि मग शिखराला बांधलेल्या कर्ण्यातून अशी शिट्टी निघायची की कानात दडे बसावेत. गावातली कुत्री तोंड वर करून तिच्यात सूर मिसळायची. सायखेड्याच्या बाजाराहून परतणारे लोक लांबूनच म्हणायचे, चला, लहानू काहीतरी सांगणार.

लहानू म्हणजे देवळाची झाडलोट करून गावाला निरोप देणारा माणूस. नाव लहानू, पण दोघा भावांत थोरला. धाकटा मंगळू गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी टोमॅटो आणि झेंडू करायचा. रॉकेल आलं, कुणाची म्हैस सुटली, कुणाची मयत किती वाजता, सगळं लहानूच्या तोंडूनच गावाला कळायचं. आणि दर वेळी ती शिट्टी संपेपर्यंत त्याला माईक हातात धरून उभं राहावं लागायचं. पारावरची रिकामटेकडी मंडळी तेवढ्यात कुत्र्यासारखी ओरडून घ्यायची. पन्नाशीचा माणूस, त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मला त्या टवाळांचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

त्या शिट्टीचा एक उपयोग मात्र होता, पण तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. गंगेकाठी जो तो डिझेल इंजिनावर पाणी भरायचा. इंजिनाच्या धडधडीत शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही, पण शिट्टी त्यातूनही कानात घुसायची. ती आली की लोक इंजिन बंद करायचे, लहानूचं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा हँडल मारायचे. असं करायचं कुणी ठरवलेलं नव्हतं. हात आपोआप जायचा.

चौऱ्याण्णव सालच्या सप्ताहात ऐन कीर्तनात वीज जाऊन आली आणि मशीन केकाटलं. नाशिक रोडहून आलेले महाराज टाळ खाली ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी हेच असेल तर मला बोलावू नका." गावाची अब्रू गेली. लगेच वर्गणी निघाली. वर्गणी म्हटलं की आमच्या गावाचा हात खिशातच अडकतो, त्यामुळे कोरं मशीन काही परवडेना. जुनं देऊन वापरलेलं घ्यायचं ठरलं. लहानू भावाला सोबत घेऊन नाशिकला गेला.

भद्रकालीतल्या एका दुकानदाराने ट्रान्झिस्टरचं मशीन लावून दाखवलं. ना घरघर, ना शिट्टी. लहानूने माईकमध्ये नुसतं "हॅलो" म्हटलं आणि स्वतःचाच स्वच्छ आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले. वर्गणी थोडी कमी पडत होती. मंगळूने झेंडूचे पैसे काढून दुकानदाराच्या हातावर ठेवले.

"घे दादा," तो म्हणाला. "तुला लय हसत्यात लोकं. आता हसून दाखवा म्हणावं."

जुनं मशीन दुकानात राहिलं. गावात नव्याचं कौतुक झालं. लहानू अंघोळ करून, टोपी नीट घालून माईकपुढे उभा राहायला लागला.

त्या श्रावणात आमच्याकडे पावसाने ओढ दिली होती, पण वर त्र्यंबकच्या बाजूला तो कोसळत होता. एका दुपारी किराणा दुकानात फोन आला की धरणातून पाणी सोडलंय, लोंढा मोठा आहे. लहानू धावतच देवळात शिरला. बटण दाबताच मशीन बोललं.

"गंगेकाठच्या लोकांनी लगीच वर या. इंजिनं ऱ्हाऊ द्या, आधी वर या."

तीन वेळा सांगितलं. शब्द न् शब्द स्पष्ट. मग तो पारावर येऊन मंगळूची वाट बघत बसला. काठावरून माणसं येत होती. कुणी ऐकून आलं, कुणी पाणी चढताना बघून. मंगळू त्यांच्यात नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी सापडला. पाणी ओसरलं होतं. वळणावरच्या बाभळींत त्याचा सदरा अडकलेला दिसला. मंगळूच्या शेताला लागून शेत असलेली सगुणाबाई तिथेच बसून होती. तिने लहानूला सांगितलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण कुणीतरी तिचं तोंड धरायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

"दादा, आवाज येत व्हता कर्ण्याचा. मी वराडून इचारलं मंगळूला, काय चाललंय? त्यो म्हणला, कर्णा केकाटला नाय, कुत्री रडली नाय, मंजी कॅसेट लावली आसंल भजनाची. नवं मशीन त्यानंच आणलं, पन कान जुन्याच शिट्टीला सवकलेला. आन् परत इंजिनापाशी खाली उतरला."

"इंजिन बंद नाय केलं त्यानं?"

"नाय."

लहानूने काट्यांतून सदरा सोडवला. भावाला घरी आणलं. मंगळूची बायको नवसाबाई उंबऱ्यात बसली होती, ती उठलीच नाही. मयतीची वेळ गावाला सांगायची होती. लोक म्हणाले, आज तू राहू दे, दुसरं कुणीतरी सांगेल. लहानू कुणाचं न ऐकता देवळाकडे निघाला. टोपी घरीच राहिली होती.

त्याने बटण दाबलं. मशीन नेहमीसारखं लगेच तयार झालं, कसलाही आवाज न करता. लहानूने माईक तोंडाशी धरला, मान वर केली आणि त्या जुन्या मशीनसारखा केकाटला. छाती रिकामी होईपर्यंत केकाटला, दम घेतला आणि पुन्हा केकाटला. पारावर कुणी हसलं नाही.

गावातली कुत्री रडायला लागली. वरच्या शिवारात विहिरींवरची इंजिनं एकेक करून बंद झाली. शेवटचं इंजिन थांबेपर्यंत लहानू थांबला.

"मंगळू गेला," तो म्हणाला. "चार वाजता मयत हाय."