विसावं नाव

मी मुख्याध्यापिका. या शाळेत मुख्यही मीच, अध्यापिकाही मीच, आणि शिपाई निवृत्त झाल्यापासून घंटाही मीच बडवते. खोल्या दोन, वर्ग चार, पट वीस. छप्पर गळतंय, दुसरा शिक्षक द्या, असं मी अकरा वर्षं लिहून कळवत होते. मग वरच्या लोकांना शिक्षण सुधारायची हुक्की आली आणि उपाय असा निघाला, की वीसपेक्षा कमी मुलं असलेली शाळा बंद करायची आणि मुलं मोठ्या शाळेत पाठवायची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मोठी शाळा हमरस्त्यापलीकडे आहे. रस्ता चार पदरी, ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. पहिलीतल्या तीन चिल्ल्यापिल्ल्यांनी तो कसा ओलांडायचा, हे परिपत्रकात कुठे नव्हतं. आईबाप काय करतील ते मला पाठ आहे: मुलगे जातील, मुली घरी बसतील. माझ्या विसात मुली तेरा.

पटाची मोजणी तीस तारखेला होती. चोवीसला शिवणकामवाली आली. ही माझीच जुनी विद्यार्थिनी. तिची मुलगी आता माझ्याकडे तिसरीत आहे. पोरीला सगळे चिमणी म्हणतात. तिचा डावा कान बंद, उजव्याशी ओरडलं तर थोडंफार पोचतं.

"बाई, लागला हो नंबर!" ती दारातूनच म्हणाली. "शहरातल्या त्या कानाने अधू मुलांच्या शाळेत. राहायची सोय आहे, शिकवायला वेगळ्या बाई आहेत. एकच जागा उरलीय. तीस तारखेला पाचच्या आत शाळा सोडल्याचा दाखला आणून द्या म्हणालेत."

मला आनंद झाला, खरंच झाला. पण लगेच मनाने वजाबाकी केली. एकोणीस.

"शिक्का दुरुस्तीला गेलाय गं," मी म्हणाले. शिक्का माझ्या हाताखालच्या खणात होता.

दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज मागितला. तिने तिथेच बसून लिहिला, मीच गिरवून घेतलेल्या अक्षरात. तिसऱ्या दिवशी मी वडिलांची सही मागितली. तिचा नवरा लांबच्या गाड्यांवर चालक, महिना महिना घरी नसतो, हे मला माहीत होतं म्हणूनच मागितली. ती हिरमुसली, पण एका शब्दाने वाद घातला नाही. बाई खोटं बोलत नाहीत, असं तिला लहानपणापासून वाटत होतं. मला माझीच लाज वाटत होती, आणि तरी मी चौथं कारण शोधत होते.

एकविसावं मूल मिळावं म्हणून घरोघर फिरले. खोटं नाव घालायची सोय नव्हती, कारण मुलाचा अंगठा यंत्रावर लागतो. शाळेत घालण्याजोगं एकही मूल सापडलं नाही. एक बाळ होतं, पण त्याला अजून मान धरता येत नव्हती. असतं जरा मोठं, तर उचलून बाकावर बसवलं असतं.

एकोणतीसच्या संध्याकाळी मला राहवेना. तिच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. तिने मशीन थांबवलं.

"म्हणजे शिक्का गेलाच नव्हता?"

"नव्हता."

"आणि मी रोज खेटे घालतेय."

"ऐक," मी म्हणाले. "मोजणीचे साहेब उद्या अकराला येणार. एकदा मोजून झालं की तिथल्या तिथे दाखला देते. एकच्या बसने निघालीस तर पाचच्या आत पोचशील. शाळाही वाचेल, चिमणीही जाईल."

"तुम्ही म्हणता तर तसं, बाई," ती म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

साहेब अकराचे साडेबाराला उगवले. माणूस वाईट नव्हता. पाणी मागून प्यायला, मुलांशी हसून बोलला, एकेकाचा अंगठा घेत गेला. चिमणी शेवटची. त्याने नाव विचारलं तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिचं नाव सांगितलं. तिने अंगठा टेकवला आणि खूश झाली.

"वीस," साहेब म्हणाला. "वाचलात बाई."

मी खणातून लिहून ठेवलेला दाखला काढला. त्याने तो पाहिला.

"हे काय?"

"एक मुलगी जातेय. दुसऱ्या शाळेत."

"आज?"

"आत्ता, एकच्या बसने."

त्याने चष्मा काढला. "वर्षभर नाही देता येणार, बाई. मोजणीपुरती मुलं दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी दाखले वाटतात, म्हणून नवा नियम आलाय. नोंद पक्की झाली की नाव वर्षभर इथेच अडकतं. तिकडची शाळा घेऊच शकत नाही."

"मग तिची पक्की करू नका."

"नाही करत. मग एकोणीस होतात. सोमवारपासून शाळेला कुलूप."

माझं डोकंच फिरलं. "अहो, ज्यांनी नियम केला त्यांना विचारा ना! मला काय विचारता?"

"त्यांना कुठे गाठू? मी नुसता मोजतो," तो म्हणाला. "बोला, पक्की करू का?"

इकडे आड, तिकडे विहीर. दारात चिमणीची आई पिशवी घेऊन उभी होती. चिमणीच्या दोन्ही वेण्यांना नव्या फिती होत्या. तीन वर्षं ही पोर माझ्या पहिल्या बाकावर बसली. फळ्यावरचं ती माझ्यापेक्षा सुबक उतरवते आणि त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नाही. मला तिला शिकवता आलं नाही. ती इथे राहिली तर पुढेही शिकवता येणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त मलाच ठाऊक होतं. रांगेत पहिलीतली तिघं एकमेकांना ढकलत खिदळत होती. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"करा," मी म्हणाले.

साहेबाने यंत्रावर बोट टेकवलं, वहीवर सही केली, आणि पुढच्या शाळेला उशीर होतोय म्हणून घाईने निघून गेला. मी दाराशी गेले.

"ऐकलं मी, बाई," ती म्हणाली.

तिने चिमणीच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत नेलं आणि तिच्या बाकावर बसवलं. चिमणी आईच्या पिशवीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि कसं सांगायचं ते आम्हा दोघींनाही येत नव्हतं.

"मग उद्या हिला कितीला पाठवू?" तिने विचारलं.

ती याच शाळेत शिकलेली. शाळा कितीला भरते हे तिला ठाऊक होतं.

"दहाला," मी म्हणाले.