पत्ती काढलेले पाइप

इफी मेअर आमच्या गावात शाळेची बस चालवते. तिच्या थोरल्या भावाच्या दफनाला भाड्याने आणलेल्या बॅगपाइपवाल्याने इतकं बेसूर वाजवलं की घरी येताना ती म्हणाली, "यापेक्षा मी वाजवलं असतं तर बरं झालं असतं." बोलली तशी पुढच्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या बँडच्या तालमीला हजर झाली. तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती.

मी बँडात मोठा ढोल वाजवतो आणि पाइपवाल्यांच्या मागून चालतो. त्यामुळे तिची सगळी धडपड मी पाठीमागून पाहिली आहे.

पहिलं वर्ष नुसत्या बिनपिशवीच्या शिकाऊ नळीवर गेलं. तिचा नवरा ड्युगी जेवण झालं की उठून शेडमध्ये जाऊन बसायचा. मग खरे पाइप हातात आले आणि जास्तच फजिती सुरू झाली. तोंडाने फुंकायचं, बगलेत पिशवी दाबायची, बोटं चालवायची, आणि वर सगळ्यांबरोबर पाय उचलायचा. बोटांचं तिला लवकर जमलं. थांबणं काही केल्या जमेना. सगळ्यांचे पाइप एकदम बंद व्हायचे आणि पिशवीत उरलेल्या हवेने इफीचा एक लांबट, रडका सूर मागे रेंगाळायचा.

"आलं बघा शेपूट," आमचे पाइप मेजर, म्हणजे बँडचे म्होरके, मर्डो फिंडले म्हणायचे, आणि सगळे हसायचे. इफीही हसायची. हळूहळू तिने हसणं सोडलं.

ऑगस्टात गावाबाहेरच्या मैदानावर स्पर्धा होती. ऐन वेळी एकाचं मनगट मोडलं, दुसऱ्याला तेलविहिरीवरच्या कामावरून सुट्टी मिळेना. ठरलेल्या संख्येपेक्षा पाइपवाले कमी असतील तर बँडला उतरूच देत नाहीत. मर्डो इफीला म्हणाले, "शनिवारी तू आहेस." तिने गणवेशाच्या चौकटीच्या किल्टला इस्त्री केली, आणि बसमधल्या यच्चयावत पोरांना बातमी दिली.

शनिवारी सकाळी गाड्यांच्या आडोशाला मर्डोंनी तिचे पाइप मागून घेतले. तिला वाटलं, सूर लावून देतायत. त्यांनी आतली सूर काढणारी पत्ती उपसली, खिशात टाकली आणि सगळ्या नळ्यांना बुचं मारली.

"हे काय?" इफी म्हणाली.

"गाल फुगव, बोटं चालव. आकडा भरला की झालं."

"म्हणजे मी वाजवायचं नाही?"

"सगळे बँड करतात, इफी. मनाला लावून घेऊ नकोस."

आम्ही मैदानात उतरलो. माझ्यापुढे ती चालत होती, मान ताठ, बोटं अचूक. हवा जायला कुठे वाटच नव्हती, म्हणून पिशवी दगडासारखी टम्म फुगलेली आणि कोपर बाहेर आलेलं. निकालात आम्ही खालून दुसरे. ड्युगी धावत आला. "सगळ्यांत तुझा सूर मला वेगळा ओळखू आला, देवाशप्पथ."

इफीने हातातली मटणाची पेस्ट्री तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि ती गाडीत जाऊन बसली.

आम्हाला वाटलं, आता ही काही येत नाही. मंगळवारी ती सर्वांच्या आधी आली होती. मर्डो दारातून आत येताच तिने हात पुढे केला.

"माझी पत्ती द्या."

त्यांनी दिली. "हे बघ, तुला वाजवता येतं. थांबता येत नाही."

"मग ते शिकवलंत का कधी? शेपूट, शेपूट म्हणून दात काढलेत नुसते."

मर्डो टोपी काढून खुर्चीवर बसले. सत्तरीचा माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा चेहरा झाला. "कसं शिकवायचं ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "लहानपणी आपोआप आलं. मी काय करतो हे मलाच कळत नाही."

मी इफीला म्हणालो, "तालमीआधी येत जा. मी ढोल मारतो, तू थांबून बघ."

मग तेच चाललं. मी शेवटचा ठोका द्यायचा, तिने कोपर सोडायचं. उशीर. पुन्हा उशीर. एकदा चिडून तिने खुर्चीला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला. "हा पिशवीवाला राक्षस मुद्दाम करतो," ती म्हणायची. आठवडेच्या आठवडे गेले. सुधारणा अशी की दहातून चारदा जमायचं, आणि ते चार कोणते हे आधी कोणालाच सांगता यायचं नाही.

नोव्हेंबरात युद्धस्मारकापाशी वाजवायचं होतं. या खेपेस पत्ती जागेवर होती. थंडीने बोटं आखडली होती, तरी इफी सुरेख वाजवत होती. शेवट जवळ आला तशी मला तिची पाठ आवळलेली दिसली. शेपटाच्या धास्तीने तिने शेवटच्या सुराआधीच कोपर सोडलं. तो सूर बाकीच्यांनी तिच्याविना संपवला. गर्दीत कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या आलं.

परतताना ती संतापाने लाल झाली होती. मर्डो तिच्या शेजारी चालत आले.

"लवकर थांबलीस."

"माहितीय मला."

"पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ कधी? तारीख सांगा."

मर्डोंनी वैतागून माझ्याकडे बघितलं. मी ढोलाचा पट्टा सारखा करत राहिलो.

"महिनाअखेरीस, हॉटेलातल्या मेजवानीत वाजवायचंय," ते म्हणाले. "आणि मंगळवारी लवकर ये. मीही येतो."

"या," इफी म्हणाली, आणि पाइप काखोटीला मारून बस काढायला निघून गेली.