हलका हात

आत्याच्या नाकावर बसायचं तर माशीलाही आधी परवानगी घ्यावी लागते, असं तिच्या ओळखीचे लोक म्हणत, आणि तिला ते ऐकून बरंच वाटायचं. घड्याळदुरुस्तीत तिची हयात गेली होती. लग्न केलं नाही, कुणाच्या दारात राहिली नाही, आणि लोक आवरायला घेतात त्या वयात तिनं वस्तीपासून लांब, टेकाडाच्या उतारावर दोन खोल्यांचं घर बांधलं. तिथवर विजेचा खांब आलेला नव्हता. तिनं छपरावर सोलरची पॅनेलं बसवून घेतली, मागच्या पडवीत बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर ठेवला, आणि खांबवाल्यांना कायमचा रामराम केला.

आणि आता दिवे लुकलुकायला लागले होते.

हे तिनं फोनवर भाच्याला सांगितलं, तिथेच चुकलं. भाचा म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून तिनं त्याचं नाव भोपळ्या ठेवलं होतं, ते तो हापिसात मोठा साहेब झाला तरी सुटलं नव्हतं. तो म्हणाला, "आत्या, दिवे ठीक असतील गं. तुझे डोळे थकले असतील." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन दारात हजर. आपल्या फ्लॅटमधली एक खोली त्यानं तिच्यासाठी रिकामी करून ठेवली होती, पडदेसुद्धा लावले होते. तो वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. याच्याशी भांडायला गेलं की प्रत्येक वाक्यात त्याची माया आडवी यायची.

आतली खोली अंधारी होती. तिथल्या घड्याळं दुरुस्त करायच्या टेबलावरचा दिवा त्याच्या डोळ्यांदेखत दोनदा मिचकला.

"म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत," आत्या म्हणाली.

"बरं, डोळे शाबूत. पण बॅटऱ्या गेल्यात. हे सगळं एकटीनं सांभाळण्यासारखं नाही आता, आत्या. चल ना माझ्याबरोबर."

आत्याचं डोकं सणकलं. "संध्याकाळपर्यंत थांब. बिघाड सापडला नाही तर तू म्हणशील तिथे येते. सापडला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. एकदा शब्द दिला की ती तो पाळायची, हे दोघांनाही माहीत होतं. हरली तर हे घर गेलं, टेबल गेलं, खिडकीतून दिसणारा उतार गेला. उरणार होते ते भाच्याने निवडलेले पडदे.

आधी तिनं स्वयंपाकघरातला दिवा काढून टेबलाच्या दिव्याच्या जागी लावला. तोही मिचकला. म्हणजे एकट्या दिव्याचं दुखणं नव्हतं. मग तिनं दोन्ही खोल्यांतले दिवे लावून मधल्या दारात खुर्ची टाकली आणि नुसती बसून राहिली.

"आत्या, तू काय करतेयस?"

"ऐकतेय. घड्याळ हातात आलं की लगेच उघडायचं नसतं. आधी कानाला लावायचं."

भाच्याने कपाळावर हात मारला आणि अंगणात जाऊन कुणा मेकॅनिकला फोन लावला. तेवढ्यात फ्रीजची मोटर गुरगुरली, आणि दोन्ही खोल्यांतले दिवे एकदमच मान टाकून पुन्हा वर आले. आत्या उठली नाही. फ्रीज थांबेपर्यंत थांबली, पुन्हा सुरू होईपर्यंत थांबली. पुन्हा तेच झालं. सगळे दिवे एकदम मिचकतात, म्हणजे दुखणं मुळाशी होतं, आणि मोटर जोरात वीज ओढते तेव्हाच ते वर येत होतं.

भाचा आत आला. "मेकॅनिक म्हणतोय, बॅटऱ्या बदला. त्याशिवाय इलाज नाही."

"इतक्या लांबून दिसल्या का त्याला? दृष्टी चांगली दिसते."

ती विजेचा दाब मोजायचा मीटर घेऊन पडवीत गेली. बॅटरीला तारा जोडतात त्या शिशाच्या खुंटांवर मीटरच्या दोन्ही सुया टेकवल्या आणि भाच्याला फ्रीज लावायला सांगितलं. आकडा जेमतेम हलला. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. मग तिनं एक सुई खुंटावरून उचलून तिथेच नटाखाली बसवलेल्या तारेच्या कड्यावर टेकवली. फ्रीज पुन्हा सुरू झाला आणि आकडा धाडकन खाली आला. खुंट आणि कडं यांच्यात बोटभरही अंतर नव्हतं. बॅटरीत वीज होती आणि तेवढ्याशा वाटेत ती अडत होती.

तिनं सगळं बंद केलं, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि कड्याला हात लावून पाहिला. चांगलंच तापलं होतं, शेजारचं प्लॅस्टिक काळवंडलं होतं. तिनं नटाला नुसतं बोट लावलं. नट फिरला.

मागच्या महिन्यात तिनंच ही जोडणी सोडून, घासूनपुसून पुन्हा लावली होती. आणि लावली होती ती घड्याळाचा स्क्रू लावावा तशी. स्क्रू टेकला की थांबायचं, पुढे एक केसभरही पिळायचं नाही. शिकाऊ असताना जास्त पिळला म्हणून तिनं उस्तादांच्या पट्टीचा मार खाल्ला होता. तेव्हापासून जो हात हलका झाला तो आजतागायत.

भाचा अजून फ्रीजपाशी उभा होता. गुपचूप नट आवळून दोष बॅटरीवर ढकलला असता तर त्याला ताकास तूर लागली नसती. हा विचार तिच्या मनात आला, आणि आला याचाच तिला राग आला.

"भोपळ्या, इकडे ये. हे बघ. हा नट मी ढिला ठेवला होता. मीच."

त्यानं काळवंडलेलं प्लॅस्टिक पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आत्या, आग लागली असती."

"लागली असती," ती म्हणाली. भीती तिलाही वाटली होती.

"मी हेच म्हणत होतो गं. आता तुझ्या हातात तेवढा जोर राहिला नाही."

आत्यानं कडं लख्ख घासलं, मुठीवर चिकटपट्टी गुंडाळलेला पाना घेतला, नटाला लावला आणि मनगटाऐवजी खांदा लावून ओढला. मग पाना त्याच्या हातात दिला. "सोडव."

"कशाला?"

"सोडव म्हणते ना."

त्यानं ओढला. मग दुसरा हात लावला. कानापर्यंत लाल झाला, पण नट जागचा हलला नाही.

"बस्स कर, खुंट उपटशील," ती म्हणाली. "जोर होता रे. तो वापरायचा नाही अशीच सवय होती. आज ती मोडली."

तिनं वीज सुरू केली. फ्रीज गुरगुरला. टेबलावरचा दिवा होता तसाच राहिला. भाचा त्याच्याकडे बराच वेळ पाहत उभा होता, आता तरी मिचकेल अशा आशेनं की काय कोण जाणे.

"आणि उद्या दुसरं काही बिघडलं तर?" त्यानं हळूच विचारलं.

"बिघडणारच. वस्तू आहेत त्या. आणि माझ्या हातूनही बिघडेल, जसं हे बिघडलं. मग मी पुन्हा दारात खुर्ची टाकून बसेन."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर अंधारात बसेन," आत्या म्हणाली. "पण तो अंधार माझ्या घरातला असेल. तुझ्या घरी उजेड भरपूर आहे रे, मला ठाऊक आहे. फक्त तिथे दिवा लावायचा की नाही, हे मला कुणी विचारणार नाही."

भाचा गाडीची किल्ली चाचपत बाहेर गेला. आत्यानं घड्याळ बघायचं भिंग डोळ्याला लावलं, टेबलावरचं उघडं पडलेलं घड्याळ पुढ्यात ओढलं आणि कामाला लागली.