समोरच्या दारातला माणूस

लायस्बेथचा नवरा वाउटर हेरिंग मासे धरायला समुद्रावर गेला तो बोटीसकट बुडाला. बऱ्याच वर्षांनी, पिंपं बनवणाऱ्या लाम्बर्टशी तिचं लग्न ठरलं. तेवढ्यात चित्रं कोरून छापणाऱ्या एव्हर्टमास्तरांनी आमच्या गल्लीचं चित्र छापून दुकानाच्या खिडकीत लावलं.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, नुसतं काळं-पांढरं. तरी आमच्या हार्लेम गावचं सकाळचं ऊन त्यात होतं. लायस्बेथ तव्यावर पॅनकेक उलटतेय, शेजारी मी मासे साफ करतेय. समोरच्या दारात एक माणूस पाय आखडून उभा. खांद्यावर ऊन, पण टोपीखाली तोंड सगळं अंधारात.

"हा वाउटर आहे," लायस्बेथ म्हणाली.

"अगं," मी म्हटलं, "तो डाव्या पायाने लंगडायचा. याचा उजवा आखडलाय."

तिने मला ओढतच दुकानात नेलं. मास्तर शाईचे हात पुसत म्हणाले, "छापताना सगळं उलटं उमटतं, बाई. चर्चचा मनोरा बघा, तोही दुसऱ्या बाजूला गेलाय. पाय डावाच होता."

"कधी काढलंत?"

"याच वसंतात. रोज सकाळी यायचा, तुमच्याकडे बघत उभा राहायचा आणि निघून जायचा. नाव काही मी विचारलं नाही."

लायस्बेथ खिडकीतल्या चित्राकडे वळली. "जिवंत आहे, तर घरी का नाही आला? का माझं काही चुकलं?"

चित्र विकत घेऊन आम्ही तडक लाम्बर्टच्या कारखान्यात गेलो. "वाउटर जिवंत आहे, लग्न थांबवावं लागेल," म्हणत तिने चित्र त्याच्यापुढे धरलं.

लाम्बर्टने ते उजेडात नेऊन पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"हा मी आहे," तो हळूच म्हणाला. "वसंतात डाव्या पायावर पिंप पडलं होतं ना? काम बंद होतं. म्हटलं, तुला लग्नाचं विचारावं. पण धीरच होईना."

"ही टोपी वाउटरची आहे."

"असली टोपी अर्ध्या गावाकडे आहे, लायस्बेथ."

मला हसू आलं. तिला नाही. ती रडायला लागली, आणि कशासाठी ते तिलाच सांगता येईना. वाउटर परत मेला म्हणून, का तो आलाच नव्हता म्हणून?

"मला थोडे दिवस दे," ती म्हणाली.

"दिले."

लग्न हिवाळ्यात झालं. चित्र तिने भिंतीला लावलंय. अजूनही कधीकधी ती मला विचारते, "नीट बघ गं, हा लाम्बर्टच ना?"

मी हो म्हणते. खरं सांगायचं तर त्या टोपीखालच्या अंधारात मलाही काही दिसत नाही.